अक्षरांची पाणीयोजना

सार्वजनिक सोय म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर रस्ते, पूल, नळ आणि दिवे उभे राहतात. या यादीत लिपीचेही नाव घालावे असे कोणी सुचविले असते, तर काही वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. एका घरगुती प्रसंगाने माझे मत बदलले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो उपयोगी पडावा, म्हणून येथे सांगतो.

माझ्या वडिलांनी उतारवयात आपल्या आठवणी लिहून काढल्या होत्या. बडोदे संस्थानातील दिवस, वाड्यातील सणवार, लग्नकार्ये, आणि त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली नळाची गोष्ट. शहरात नळाचे पाणी आले, तेव्हा घरातील वृद्ध स्त्रियांनी ते देवपूजेस घेण्याचे साफ नाकारले. पुढे एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि वाद आपोआप मिटला! 1998 साली मी ते सारे लेखन संगणकावर टंकलिखित करून घेतले. एक प्रत छापून कपाटात ठेवली, फाईल सीडीवर उतरविली. मूळ वह्या पुढे घर बदलताना गहाळ झाल्या. 2011 साली वडील गेले.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील ती छापील प्रत पाण्यात भिजून तिचा लगदा झाला. सीडी वरच्या कप्प्यात सुरक्षित होती, एवढेच समाधान. दिवाळीत ती उघडली, तो पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे यांची नुसती खिचडी! चौऱ्याऐंशी पानांत एकही मराठी अक्षर दिसेना.

माझा पुतण्या अकरावीत आहे. हा मुलगा दिवसभर व्हिडिओ गेम खेळतो म्हणून मी त्याला अनेकदा मुख्याध्यापकी आवाजात बोललो होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काका, मजकूर आहे तिथंच आहे. फक्त चुकीच्या नावानं नोंदलेला आहे.’’

त्याचे म्हणणे मला हळूहळू उमगले. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. त्या काळी प्रचलित असलेल्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो फाँट यंत्रात असेतोवर मजकूर मराठी दिसे. फाँट गेला की खालचे रोमन सोंग उघडे पडे. शिवाय प्रत्येक फाँटाची वाटणी निराळी. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या घरी भलतेच काही होई.

यावर सर्वांना समान असा उपाय त्यापूर्वीच निघालेला होता. भारतीय मानक संस्थेने 1991 साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरविले. त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. 2304 पासून 2431 पर्यंतचे अंक आज देवनागरीचे आहेत. ‘क’ म्हणजे 2325, ‘ळ’ म्हणजे 2355; बडोद्यात, बेळगावात वा बोस्टनमध्ये, कोणत्याही यंत्रावर. परंतु ही व्यवस्था आपल्या घरोघरी पोहोचायला बरीच वर्षे लागली, आणि त्या मधल्या काळातील पुष्कळसे मराठी लेखन जुन्या फाँटांतच राहून गेले.

मग आम्ही दोघे बसलो. जुन्या चिन्हांसमोर खरी अक्षरे मांडून पुतण्याने एक कोष्टक केले. एका खेळाच्या फायलींत फेरफार करताना ही विद्या त्याला साधली होती! पण केवळ कोष्टकाने भागेना. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो आणि नंतर उच्चारतो. जुना फाँट हाताचा क्रम पाळी, युनिकोड उच्चाराचा पाळतो. ‘धर्म’ मधील रफाराचे नेमके उलट. उच्चार ‘म’ च्या आधी, चिन्ह त्याच्या डोक्यावर. येथे माझे व्याकरण त्याच्या कामी आले. तीन संध्याकाळी आम्ही ओळीमागून ओळ तपासली. एके ठिकाणी ‘लग्नात आचार्यास मजुरी वेळेवर द्यावी’ असे वाक्य उतरले. शिक्षक या नात्याने माझी त्यास हरकत नव्हती. पण वडिलांनी लिहिले होते ‘आचाऱ्यास’. तो अर्धा ‘ऱ’ मराठीचा खास. त्यालाही युनिकोडमध्ये 2353 ही आपली जागा आहे.

या खटाटोपात मला सयाजीराव महाराजांची आठवण वारंवार होत राहिली. त्यांनी आजव्याचा तलाव बांधवून शहराला पाणी दिले. 1906 साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरविल्या. या साऱ्यांमागे एकच धोरण दिसते : आवश्यक गोष्ट एकट्यादुकट्याच्या विहिरीवर सोडू नये, ती सर्वांसाठी एका पद्धतीने आणावी. जुने फाँट या ज्याच्या त्याच्या खाजगी विहिरी होत्या. विहीर आटली, की पाणी गेले. युनिकोड हा सार्वजनिक नळ आहे.

परंतु दारापर्यंत आलेला नळ वापरायचाच नाही असे ठरविले, तर योजना करणाऱ्याचा काय इलाज? आमच्या नातेवाइकांच्या मोबाइल-गटात शुभेच्छांपासून शोकवार्तेपर्यंत सारे मराठी रोमन लिपीत चालते. त्यात ‘बाल’ आणि ‘बाळ’ एकच होतात, ‘मन’ आणि ‘मण’ यांत भेद उरत नाही. गुजरातीतही ‘ळ’ असल्यामुळे आमच्या मुलांच्या जिभेवर तो टिकला. बोटांवरून मात्र निसटत चालला आहे. मराठी शाळा दूर असलेल्या घरांत मुलांनी मराठी वाचावे, तर कदाचित आजीचा मोबाइलवरील निरोपच वाचावा. तोही रोमनमध्ये आला, तर देवनागरी त्यांनी भेटावी कोठे?

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी. घरातील जुन्या सीड्या, फायली एकदा उघडून पाहाव्यात. वंशावळी, पत्रे, मंडळाची इतिवृत्ते, आजीच्या पाककृती, जे जुन्या फाँटांत असेल ते युनिकोडमध्ये उतरवावे. त्यासाठी तयार साधनेही आज मिळतात. पण त्यांवर विसंबून राहू नये, जाणत्या माणसाने सारे एकवार वाचावे. फाईल दोन-तीन ठिकाणी ठेवावी आणि एक छापील प्रत ग्रंथालयात द्यावी. पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर. हे काम आज करावे, कारण चुकलेला शब्द ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे. आमच्या प्रतीत एक शब्द अजून लागलेला नाही. तो सांगू शकणारी माझी आत्या गेल्या वर्षी गेली.

पुतण्याचे व्हिडिओ गेम चालूच आहेत. मी आता त्याला वेळेवरून बोलतो, खेळावरून नाही.