बोटावरचा जेसीबी

मोबाईलवरचे खेळ म्हटले की गोळीबार आणि आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो. परंतु आमच्या मंठ्यातल्या काही घरांतून हल्ली एक शांत खेळ चाललेला दिसतो. त्याची ओळख वाचक बंधू-भगिनींना करून द्यावी असे आम्हांस वाटते. या खेळात कोणी कोणाला मारत नाही. बस चालवायची, ट्रकने माल पोचवायचा किंवा जेसीबीने माती उकरून हायवात भरायची, एवढेच काम. अशा खेळांना सिम्युलेटर म्हणतात, म्हणजे खरी गाडी हाताखाली असल्याचा भास देणारा खेळ.

हे खेळ बाहेरच्या देशांतून आले. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीने २००८ साली ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे चालवण्याचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ काढला. झेक देशातील प्राग शहराच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आणला. त्याला मात्र संगणक लागतो. साध्या मोबाईलवर चालणारा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ २०१७ साली निघाला आणि तो आपल्या पोरांपर्यंत पोचला. त्यात बसचा रंग व नक्षी खेळणाऱ्याला बदलता येते. म्हणून आपली मुले इंडोनेशियाच्या रस्त्यावर खुशाल एसटीची लाल बस पळवतात!

यात विसावा तो कसला, असे कोणी विचारील. दिवसभर कारकुनी करून आल्यावर आम्हीही मुलांशेजारी बसून पाहिले. कचेरीत एक फाईल हातावेगळी केली की तिच्या जागी दुसरी येऊन बसते. येथे मातीचा ढीग डोळ्यांदेखत कमी होतो, हायवा भरतो आणि काम संपते. घाई नाही, साहेब नाही. चुकले तर पुन्हा करावे. थकल्या डोक्याला एवढेही पुष्कळ होते.

आमच्या मातोश्री मात्र हा खेळ पाहून बराच वेळ गप्प राहिल्या. मग नातवाला म्हणाल्या, “एवढं समदं उकरलंस, पण मस्टरवर नाव कुणाचं लागलं रं?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पाझर तलाव आणि रस्ते झाले ते टिकाव, फावडे आणि डोक्यावरची पाटी यांच्या बळावर. आपल्या माता-भगिनींनी उन्हात खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क त्या घामातून कायद्यात आला. नातवाला जी माती एका बोटाने हलकी वाटते, ती आजीच्या मानेने तोललेली आहे.

म्हणून खेळ बंद करावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातून यंत्राची रीत थोडी कळते. जेसीबीचा पुढचा बकेट माती भरतो, मागचा हात खड्डा खणतो, आणि खणण्याआधी मागचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवावे लागतात, हे मूल सहज सांगते. खोट्या यंत्रावर शिकण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवर राहून विमान शिकण्याचे यंत्र बनवले, आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर तयार झाले. परंतु त्यांच्यापुढे शिक्षक होता, आणि नंतर खरे विमानही होते. मोबाईलवर मातीचे वजन, उताराचा धोका, मे महिन्याची धूळ आणि बकेटजवळ उभा असलेला मजूर यांची जाणीव कशी व्हावी?

ही जाणीव नसताना खरी किल्ली मुलाच्या हाती देऊ नये. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मोटारगाडीसाठी वयाची १८ आणि बस-ट्रकसारख्या परिवहन वाहनासाठी २० वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. हा खेळ मुलींनाही द्या. ड्रायव्हरच्या खुर्चीवर मुलगी बसली की घरातील मोठी माणसे हसतात, ते थांबले पाहिजे. २०२३ साली अर्चना अत्राम यांनी पुणे जिल्ह्यात सासवड ते नीरा मार्गावर एसटी चालवली. तेव्हा ही खुर्ची मुलीची नव्हे, असे आता कोण म्हणेल?

पालकांनी एवढे करावे. वेळ ठरवून द्यावी, अभ्यास आणि झोप यांना हात लावू देऊ नये. ज्या मुलामुलीची आवड वयाबरोबर टिकेल, त्यांना शाळा पुरी करू द्यावी आणि मग रीतसर प्रशिक्षण व परवान्याच्या वाटेला लावावे. यंत्र चालवणारा कसबी माणूस मजुरी ठरवताना मान वर करून बोलू शकतो. आणि खेळ संपला की मुलांना थोडा वेळ आजीजवळ बसवावे. बहात्तर साली गावचा तलाव कोणी खोदला, ते तिलाच विचारू द्यावे.