१४ एप्रिल : एका तारखेच्या पाच नोंदी

१४ एप्रिल म्हटले की प्रथम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते. २०२२ साली तर भगवान महावीरांचे जन्मकल्याणकही याच तारखेला आले होते. परंतु दिनविशेषाची जुनी टिपणे चाळू लागले की याच तारखेपुढे एक वेगळी रांग दिसते. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळली, १९३५ साली अमेरिकेत धुळीचे महाभयंकर वादळ झाले, १९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, १९८६ साली बांगलादेशात आणि १९९९ साली सिडनीत गारांचा मारा झाला. ही यादी वाचून ‘हा दिवसच वाईट’ असे कोणी सहज म्हणून जातो. आपल्या व्यापारी घरांत मुहूर्त पाहून वही घालण्याची चाल आहे, तेव्हा या समजुतीचा विचार थोडा हिशेबानेच केला पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की तारीख एक असली तरी तिथी एक नाही. टायटॅनिक बुडाली तेव्हा अमावास्या दोन-तीन दिवसांवर आली होती. ती रात्र चंद्राविना होती, समुद्रही शांत होता, आणि म्हणून हिमनगाच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघही टेहळ्यांना दिसली नाही. मुंबईचा स्फोट झाला तेव्हा पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. आपल्या पंचांगाने पाहिले तर हे दोन दिवस एकमेकांच्या जवळही येत नाहीत. या घटनांना बांधणारे सूत्र शोधायचेच असेल तर आपल्या आचार्यांनी हिंसेची व्याख्या करताना ज्या शब्दावर भर दिला, त्या ‘प्रमाद’ शब्दाशी ते सापडते.

टायटॅनिकला त्या दिवशी बर्फाचे इशारे मिळालेच नव्हते असे नाही. बिनतारी यंत्रावर दिवसभर अनेक संदेश आले. रात्री साडेनऊनंतर ‘मेसाबा’ या जहाजाचा महत्त्वाचा संदेश आला, तो कप्तानाच्या पुलापर्यंत पोचलाच नाही. अकराच्या सुमारास जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ने आपण बर्फात थांबल्याचे कळवू पाहिले, तर तारबाबूने त्याला गप्प राहण्यास सांगितले, कारण तो प्रवाशांचे खाजगी संदेश किनाऱ्यावर धाडण्यात गुंतला होता. ११ वाजून ४० मिनिटांनी टक्कर झाली. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती, आणि २० जीवनरक्षक नौकांत मिळून जागा होती १,१७८ जणांची. तरीही कंपनीने नियम मोडला नव्हता. नौकांची संख्या ठरविणारा ब्रिटिश नियम १०,००० टनांच्या वरच्या जहाजांत भेदच करीत नव्हता, आणि टायटॅनिक होती ४६,००० टनांची. कागद बिनचूक होता, सुमारे १,५०० माणसे गेली.

१९३५ च्या वादळामागे तर बाजारभावच होता. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, तेव्हा ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सासच्या शेतकऱ्यांनी माळरानावरचे शतकानुशतकांचे गवत नांगरून टाकले. पुढे भाव कोसळले, पाऊस आटला, आणि मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली. १४ एप्रिलच्या रविवारी भर दुपारी अंधार झाला. त्या महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेने मृदासंधारणाचा कायदा केला.

पण आपल्याला जवळची आहे ती मुंबईची घटना. ‘फोर्ट स्टिकिन’ हे ७,१४२ टनांचे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या बर्केनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, सुटी केलेली लढाऊ विमाने होती, आणि ३१ पेट्यांतून सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यात कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड असा माल चढला. कप्तानाने हरकत घेतली होती. परंतु युद्धकाळात जहाजे अपुरी, जागा रिकामी ठेवायची नाही, हा हुकूम. दोन क्रमांकाच्या मालकक्षात खाली कापूस आणि वर स्फोटके, अशी रचना झाली. धोक्याचा माल दर्शविणारे लाल निशाणही मुंबईत फडकले नाही, आणि दोन दिवस दुसराच माल उतरत राहिला.

१४ तारखेस, शुक्रवारी, शेजारच्या जहाजांवरील काहींना दुपारी साडेबाराच्या सुमारास धूर दिसला होता. कळविले कोणीच नाही. आग ध्यानात आली ती दोनच्या आसपास. मग ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले गेले, पण धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की इथेच बुडवावे, यावर निरनिराळे अधिकारी निरनिराळे बोलत होते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. जळत्या गाठी आकाशातून वखारींवर आणि वस्तीवर कोसळल्या. मांडवी, मशीद बंदर या भागांतील किती पेढ्यांच्या वह्या त्या दिवशी राख झाल्या असतील! मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा सांगतात. त्यांत ६६ अग्निशामक होते. धूर पाहून पळाले नाहीत म्हणूनच गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. युद्धाच्या सेन्सॉरमुळे ही बातमी येथील वृत्तपत्रांत मे महिन्यापर्यंत छापता आली नाही.

चौकशी आयोगाने हा घातपात नसून अपघात असल्याचे म्हटले. व्यापाऱ्यांपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. त्या काळच्या आगीच्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे स्फोटाने झालेले नुकसान वगळलेले असे. मग माल जळाला तो आगीने की स्फोटाने? अखेर सरकारला नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. आता आगीच्या पॉलिसीत स्फोट समाविष्ट असतो. तथापि माल स्वतःच्याच उष्णतेने आतल्या आत पेटला, तर त्या मालाचे नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी जादा कलम घ्यावे लागते. कापूस, पेंड, कोळसा यांच्या व्यापाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावे.

टायटॅनिकची बांधणी सुमारे १५ लाख पौंडांची, विमा १० लाखांचा. उरलेली जोखीम कंपनीने समजून-उमजून स्वतःकडे ठेवली होती. आपल्याकडे ती नकळत राहते. माल एक कोटीचा, विमा ६० लाखांचा, नुकसान २० लाखांचे, तर हाती १२ लाखच येतात. २०२१ पासून लहान उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, त्यापुढे नाही. बँकेच्या नोकरीत गोदाम-तपासणीस जाताना मी वारंवार पाहिले की पॉलिसीवर एका वखारीचा पत्ता आणि हंगामात निम्मा माल दुसऱ्याच भाड्याच्या वखारीत. तेलाचे डबे आणि बारदान एकाच भिंतीशी. विचारले की उत्तर ठरलेले असे : ‘साहेब, चार दिवसांचाच प्रश्न आहे.’ फोर्ट स्टिकिन मुंबईत दोनच दिवस उभी होती.

गारांच्या दोन नोंदी शेजारी ठेवाव्यात अशा आहेत. १९८६ साली गोपाळगंज भागात एक किलोहून जड गारा पडल्या आणि ९२ माणसे दगावली. १९९९ साली सिडनीत एक मृत्यू झाला, तोही विजेने, परंतु विम्याचे दावे सुमारे १७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे झाले. एकीकडे कच्ची छपरे आणि माणसे, दुसरीकडे कौले, मोटारी आणि पॉलिसी.

मुंबईच्या गोदीतील ढिगारा उपसायला हजारो माणसे सात महिने राबत होती. स्फोटात उडालेली सोन्याची एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. ती त्यांनी परत केली. बाकीच्यांपैकी काही १९७० नंतरच्या दशकातही गाळ उपसताना सापडत होत्या.