द्राउकाठची विमाने आणि आपले ‘पुष्पक’

श्पिटाल, ऑस्ट्रिया

ऑस्ट्रिया म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे मोत्सार्टचे संगीत, व्हिएन्नाची कॉफीगृहे आणि आल्प्सची हिमाच्छादित शिखरे उभी राहतात. या देशात विमानेही घडली असतील अशी शंकासुद्धा त्याला येत नाही, कारण विमान बांधणे हा महासत्तांचा, निदान हजारो कामगार राबविणाऱ्या अवाढव्य सरकारी कारखान्यांचा उद्योग, असा आपला दृढ समज होऊन बसला आहे. द्राउ नदीकाठच्या या लहानशा गावात त्या समजाचे जे निराकरण होते, त्याची हकीकत मायदेशी कळविलीच पाहिजे.

१९४५ च्या पराभवानंतर चार विजेत्या राष्ट्रांनी या देशावर आपला अंमल बसविला आणि विमानबांधणीस सक्त मनाई केली. पुढे प्रथम मुभा मिळाली ती इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरना, आणि एर्विन मुसगर या अभियंत्यांनी तेवढ्या मुभेचे सोने केले. त्यांचे दोन आसनी ‘एम.जी. १९’ हे ग्लायडर १९५१ साली उडाले, आणि ते बांधण्याचे काम पत्करले येथल्या योझेफ ओबरलेर्खनर यांच्या लाकूडकामाच्या कारखान्याने. १९५५ च्या तहाने देश मोकळा झाला, तेव्हा याच कारखान्याने इंजिनाच्या विमानास हात घातला : १९५८ साली संपूर्ण लाकडी, दोन आसनी ‘जे.ओ.बी. ५’ आणि १९६० साली पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे, तीन आसनी ‘जे.ओ.बी. १५’. सहलीच्या उड्डाणांबरोबरच ग्लायडरला दोराने ओढत उंचावर नेऊन सोडणे, हे या विमानाचे नेमून दिलेले काम.

ही साले वाचताना मराठी माणसाने क्षणभर थांबावे. त्याच १९५१ च्या ऑगस्टात बंगळूरला ‘एच.टी.-२’ हे आपले विमान आकाशात झेपावले, आणि त्याचे शिल्पकार होते कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतील ग्यॉटिंगेनला प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेले, १९०८ साली जन्मलेले, म्हणजे मुसगरांहून एकाच वर्षाने वडील. ऑस्ट्रियाला विमानास इंजिन लावण्याचीही परवानगी नव्हती, तेव्हा आपण वायुदलाचे वैमानिक ज्यावर शिकतील असे विमान स्वतः रचून उडविले होते. ज्या १९५८ साली ‘जे.ओ.बी. ५’ उडाले, त्याच साली घाटग्यांचे ‘पुष्पक’ही उडाले, दोन्ही दोन आसनी, आणि दोहोंनाही कॉन्टिनेंटल कंपनीचे नव्वदच्या आसपास अश्वशक्तीचे इंजिन. पुष्पके सुमारे दीडशे झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून असंख्य वैमानिक त्यांवर शिकले, ‘जे.ओ.बी. १५’ ची संख्या दोन डझनांच्या आसपासच राहिली आणि १९६६ साली त्याचे उत्पादन थांबले. कालक्रमाने, संख्येने आणि विद्वत्तेने आपण पुढे होतो, हे कोणीही तटस्थ माणूस मान्य करील.

आता आजची स्थिती पाहावी. येथल्या एका हौशी क्लबाच्या गवताळ धावपट्टीवर शनिवारी सकाळी एक ‘जे.ओ.बी. १५’ ग्लायडर ओढण्यासाठी सज्ज उभे होते. हे विमान कोणाचे, असे विचारताच पंखाखाली वाकून काम करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी हात पुशीत ‘आमचे’ म्हणून सांगितले आणि कपाटातून त्याचे दप्तर काढून माझ्यापुढे ठेवले. पहिल्या उड्डाणापासूनची प्रत्येक दुरुस्ती, बदललेला प्रत्येक भाग आणि तपासनिसाची प्रत्येक सही त्यात होती. क्लबाचे खजिनदार बेकरी चालवितात. दोराची आकडी तपासणारी मुलगी शाळेत जाते, कारण येथे चौदाव्या वर्षी ग्लायडर एकट्याने उडविता येते आणि सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. त्या मुलीला मुसगरांचे कार्य ठाऊक होते. मी तिला घाटग्यांविषयी सांगितले, तेव्हा तिने सरळ विचारले : ‘मग त्यांची विमाने आता कोणता क्लब उडवितो?’

हा प्रश्न मला झोंबला, आणि आपल्याकडील एका विमानतळाच्या कोपऱ्यात फाटक्या ताडपत्रीखाली पाहिलेले एक जुने विमान आठवले. ते विद्यार्थ्यांना दुरुस्तीसाठी द्यावे, अशी विनंती घेऊन मी तेथील कचेरीत गेलो होतो. साहेबांनी मोठ्या सौजन्याने बसवून घेतले, चहा मागविला आणि सांगितले की विमान अद्याप निर्लेखित, म्हणजे सरकारी नोंदीतून बाद, झालेले नाही, म्हणून देता येत नाही. आणि निर्लेखित झाले की नियमाप्रमाणे ते भंगारातच विकावे लागते, म्हणून तेव्हाही देता येणार नाही. त्या सद्गृहस्थांचा यात काही अपराध नव्हता. त्यांच्या हाती नियम होता आणि तो त्यांनी वाचून दाखविला.

अपराध आपणा सर्वांचा आहे. आपण आकाश सरकारच्या स्वाधीन करून मोकळे झालो. ‘अश्विनी’ आणि ‘रोहिणी’ ही ग्लायडरे सरकारी तंत्रकेंद्रात घडली, हडपसरच्या माळावर ग्लायडिंगचे केंद्र चालले तेही सरकारी. त्या कामाचे ऋण मोठे आहे, परंतु जे सरकारचे ते आपले नव्हे, ही वृत्ती आपण सोडली नाही. म्हणूनच कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तर येथे हौशी विमानबांधणाऱ्यांच्या पाठीशी ऑस्ट्रियाचे आद्य विमानकर्ते इगो एट्रिख यांच्या नावाचा क्लब उभा आहे. आपल्याकडे बुद्धी आहे, हातात कसब आहे. शनिवारच्या सकाळी विमानाखाली वाकणारा शिक्षक मात्र आपण निर्माण केला नाही.

या उणिवेचे फळ आज डोळ्यांपुढे आहे. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर आपली मुले आज ज्या डायमंड विमानांवर शिकतात, त्या कंपनीचा जन्म ऑस्ट्रियातील मोटरग्लायडर बांधणाऱ्या एका लहान उद्योगातून झाला. ग्लायडर जपणाऱ्या समाजातूनच असे उद्योग उगवतात.

म्हणून माझी विनंती आहे की आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, फ्लाइंग क्लबांनी आणि विशेषत्वाने कोल्हापूरकरांनी एखादे ‘पुष्पक’ मिळवावे, त्याचे दप्तर जुळवावे आणि ते मुलांच्या हाती सोपवून पुन्हा उडवावे. शासनाने निर्लेखनाच्या नियमात त्यापुरती दुरुस्ती करावी. घाटग्यांचा पुतळा उभारण्याहून हे काम कमी खर्चाचे आहे आणि त्यांच्या योग्यतेला अधिक साजेसे आहे.