भेगाळ रानाचा हिशोब

फवारलेलं तणनाशक मातीत किती खोल उतरतं आणि किती दिवस टिकतं, हे गणिताने सांगण्याचा उद्योग जुना आहे. डार्सीचा 1856 चा नियम, रिचर्ड्सचं 1931 चं समीकरण, मग वॉकर यांनी विघटनाच्या वेगाची तापमान आणि ओलाव्याशी घातलेली सांगड; हे वाचकांना ठाऊक आहे, त्यावर पानं खर्ची घालत नाही. गुस्टाफसनचा 1989 चा निर्देशांकही तसाच परिचयाचा. ॲट्राझीनचं अर्धायुष्य 60 दिवस आणि सेंद्रिय कर्बाला चिकटण्याचा गुणांक 100 धरला, की उत्तर 3.56 येतं, 2.8 च्या वर गेलं की औषध झिरपणारं. एवढं सुटसुटीत गणित लोकप्रिय न होतं तरच नवल.

माझं भांडण या गणिताच्या एका गृहीताशी आहे: पाणी सगळी माती सारखी भिजवत खाली जातं. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या तलावाखाली औद्योगिक वसाहतीपूर्वी भाताची खाचरं होती. अशा खाचरांत चिखलणीने तळ घट्ट बसतो. मुख्य हिशोब साचलेल्या आणि बांधावरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा, तो मांडता येतो. मराठवाड्यातल्या भारी काळ्या रानाचं तसं नाही. ही माती वाळली की आक्रसते, अर्ध्या मीटरच्या खालीही बोटभर रुंद भेगा पडतात. ‘चिकणमातीतून काय झिरपणार?’ असं म्हणणाऱ्या विद्वानांनी मे महिन्यात तिथे एकदा खड्डा खणून पाहावा.

त्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. पेरणी पाऊस पडून वापसा आल्यावर होते, उगवणीपूर्वीची फवारणी त्यानंतर. तोवर भेगा मिटलेल्या असतात. वरून मिटतात हे खरं, पण खालची माती भिजायला वेळ लागतो आणि पावसाने ओढ दिली की भेगा पुन्हा उघडतात. शिवाय सुरू उसाचं काय? जानेवारी-फेब्रुवारीत लागण, त्यावर ॲट्राझीन, पुढे उन्हाळा. दोन पाळ्यांत अंतर पडलं की सरी तडकते. पाटाचं पाणी आधी भेगेत शिरतं आणि वरच्या थरातलं औषध बरोबर नेतं. मातीच्या कणांना चिकटायला त्याला सवडच मिळत नाही, मग तो 100 चा गुणांक कुठे लावायचा?

‘उष्णतेने औषध लवकर मोडतं’ हा दुसरा युक्तिवाद. युरोपीय रीतीने दर 10 अंशांना 2.58 पट वेग धरला, तर 20 अंशांचे 60 दिवस 30 अंशांना 23 होतात. पण तापलेला वरचा थर कोरडाही असतो, आणि कोरड्यात जिवाणू थंडावतात. त्यातून आपली काळी माती अल्कधर्मी. ॲट्राझीनचं रासायनिक विघटन आम्लधर्मी जमिनीत जास्त वेगाने होतं.

भेगांमधला प्रवाह वेगळा मोजणारं जार्व्हिस यांचं ‘मॅक्रो’ प्रारूप नव्वदच्या दशकापासून आहे. युरोपने भूजलासाठी ठरवलेल्या नऊ ठिकाणांपैकी फ्रान्समधल्या शातोदूनला ते लावतात. त्या नऊंत मोसमी पावसाचं एकही ठिकाण नाही, तरी तिथले तयार आकडे भरून इकडचे अहवाल बेतण्याची चाल पडली आहे. खड्डे खणणं, थराथराने नमुने काढणं मागे पडलं. भेगांची रुंदी आणि खोली ज्यात मोजलेली नाही, असा काळ्या जमिनीचा अहवाल परीक्षकांनी परत पाठवावा.