भातावरील करपा आणि हवामान

ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाऊस जितका अधिक तितके बुरशीजन्य रोगही अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कल्याण, मुरबाड व शहापूर या तालुक्यांचे मुख्य पीक जे भात, त्यावरील करपा रोगाचा विचार केला असता ही समजूत अपुरी ठरते.

करपा हा रोग मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू मुख्यतः रात्रीच्या दमट हवेत सुटतात व वाऱ्याबरोबर पसरतात. पानावर पडलेला बीजाणू रुजण्यास पाण्याचा पातळसा थर पुरतो. मात्र तो सलग दहा-बारा तास टिकावा लागतो. २५ ते २८ अंश सेल्सिअस तपमान त्यास विशेष मानवते. रुजलेल्या बीजाणूच्या टोकाशी एक घुमटाकार पेशी तयार होते. तिच्या आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८० पटींपर्यंत चढतो व त्या जोरावर ती पानाची त्वचा भेदते. तत्पूर्वी पान सुकल्यास हा प्रयत्न बहुधा निष्फळ होतो. अन्यथा आठवडाभरातच मध्ये राखाडी व कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटतात आणि त्यांतून नवे बीजाणू सुटू लागतात.

यावरून असे दिसते की, पाऊस किती पडला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मुसळधार सरी हवेतील व पानांवरील पुष्कळसे बीजाणू धुऊन नेतात. उलट रिमझिम, ढगाळ दिवस व दाट दव ही रोगास पोषक होत. पाऊस ओसरल्यावर धोका टळला असे शेतकऱ्यास वाटते. पण गरव्या भाताची लोंबी नेमकी त्याच सुमारास, दवाच्या रात्रींत बाहेर पडते. रोग लोंबीच्या मानेवर आल्यास दाणे पोचट राहतात आणि मग उपायास अवसर उरत नाही.

म्हणून पर्जन्यमापकाबरोबरच सकाळी नऊच्या सुमारास पानेही पाहावीत. दव तोवर सुकले नसेल, तर सावध व्हावे. नत्रखत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे, खाचरातील पाणी तुटू देऊ नये आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी. तिच्यातील सिलिका पानाची त्वचा बळकट करते. हवामान आपल्या हाती नाही. पण रोपाची तयारी आहे.