भागाकाराची अट : सांत क्षेत्रांचे बीजगणित आणि आजचे संशोधन

सन १८३० मध्ये एव्हारिस्त गाल्वा या अठरा वर्षांच्या फ्रेंच तरुणाचा संख्यासिद्धांतावरील एक लहानसा लेख पॅरिसच्या एका विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी, मे १८३२ मध्ये, द्वंद्वयुद्धात लागलेल्या गोळीने गाल्वाचा अंत झाला आणि त्याचे उरलेले लेखन लिउव्हिल या गणितज्ञाने १८४६ मध्ये छापेपर्यंत जवळजवळ अज्ञातच राहिले. समीकरणे कोणत्या परिस्थितीत सोडवता येतात आणि कोणत्या परिस्थितीत येत नाहीत, याविषयीच्या विचारांसाठी गाल्वाचे नाव अमर झाले हे योग्यच आहे. परंतु १८३० च्या त्या लेखात मांडलेली संख्यांची मोजकी, बंदिस्त सृष्टी आज भाजीवाल्याच्या गाडीवर लावलेल्या क्यूआर कोडापासून सूर्यमालेच्या कडेला पोहोचलेल्या यानापर्यंत सर्वत्र वापरात आहे, आणि तिच्यावरील संशोधनाला गेल्या काही वर्षांत नवा बहर आला आहे. या सृष्टीला बीजगणितात सांत क्षेत्र म्हणतात.

ज्या संख्यासंचात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्याखेरीज इतर कोणत्याही संख्येने भागाकार या चारही क्रिया संचाच्या बाहेर न पडता करता येतात, आणि त्यांना अंकगणिताचे परिचित नियम लागू पडतात, त्या संचाला क्षेत्र ही संज्ञा आहे. अपूर्णांकांचे क्षेत्र अनंत असते. सांत क्षेत्रात मात्र घटकांची संख्या मोजकी असते. बुधवारनंतर दहा दिवसांनी शनिवार येतो हे सांगताना प्रत्येक जण दहातून सात वजा करून उरलेले तीनच मोजतो. त्याच रीतीने ० ते ६ या सात संख्या घेऊन प्रत्येक उत्तराला सातने भागून केवळ बाकी ठेवली, तर सात घटकांचे क्षेत्र तयार होते. त्यात ३ आणि ५ यांचा गुणाकार १५ नसून १ असतो, म्हणून ३ ने भागणे म्हणजे ५ ने गुणणे. २ ला ३ ने भागले असता उत्तर ३ येते, आणि ३ गुणिले ३ म्हणजे ९, म्हणजे पुन्हा २, असा पडताळाही मिळतो. येथे अपूर्णांक नाहीत, दशांशचिन्हापुढे न संपणारे अंक नाहीत, त्यामुळे आसन्न उत्तरांमुळे साचत जाणारी चूकही नाही. यंत्राला असे गणित विशेष मानवते ते याचमुळे.

सातच्या जागी चार घेऊन हीच कृती केली तर मात्र गाडी अडते, कारण २ गुणिले २ म्हणजे ० होते आणि २ ने भागण्याची वाटच बंद होते. तरीही चार घटकांचे क्षेत्र अस्तित्वात आहे, फक्त ते बाकीच्या हिशेबाने मिळत नाही. ० आणि १ यांच्या जोडीला ‘अ’ हा नवा घटक घ्यावा, कोणताही घटक स्वतःतच मिळवला की शून्य होतो असे ठरवावे आणि अ चा वर्ग अ + १ इतका मानावा. मग अ आणि अ + १ यांचा गुणाकार १ येतो आणि शून्य सोडून प्रत्येक घटकाला भागाकारासाठी जोडीदार मिळतो. गाल्वाची खरी सूझ ती हीच. अशी क्षेत्रे केवळ मूळ संख्या आणि त्यांचे घात एवढ्याच आकारांची, म्हणजे २, ३, ४, ५, ७, ८, ९, ११ अशा आकारांची असू शकतात, आणि प्रत्येक आकाराचे मूलतः एकच क्षेत्र असते, ही गोष्ट अमेरिकन गणितज्ञ ई. एच. मूर यांनी १८९३ मध्ये पक्की केली. सहा किंवा दहा घटकांचे क्षेत्र नाही आणि कधी असणारही नाही. या एका नकारातून किती गुंतागुंत उद्भवली हे पुढे दिसेल.

भागाकाराच्या अटीतून निघणारे सर्वांत फलदायी सत्य बहुपदींविषयीचे आहे. बहुपदी म्हणजे अज्ञात राशीचे निरनिराळे घात आणि त्यांचे सहगुणक यांची बेरीज, तिच्यातील सर्वांत मोठा घात म्हणजे तिची कोटी, आणि ज्या किमतीला ती शून्य होते ते तिचे मूळ. क्षेत्रात कोणत्याही शून्येतर बहुपदीला तिच्या कोटीपेक्षा अधिक मुळे असू शकत नाहीत. क्षेत्राबाहेर हे खरे नाही : आठने भागून बाकी ठेवण्याच्या पद्धतीत १, ३, ५ आणि ७ या चारही संख्यांचा वर्ग १ येतो, म्हणजे दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला चार मुळे मिळतात. शालेय वाटावे असे हे विधान गेल्या सत्तर वर्षांतील उपयोजित गणिताच्या एका मोठ्या शाखेचा पाया आहे.

त्याचा उपयोग एका छोट्या उदाहरणाने पुरता स्पष्ट होतो. समजा, ३ आणि ५ या दोन संख्या खात्री नसलेल्या मार्गाने पाठवायच्या आहेत. त्या तशाच न पाठवता सात घटकांच्या क्षेत्रात ३ + ५क्ष ही रेषा घ्यावी आणि क्ष ला ० ते ५ या किमती देऊन येणारी सहा उत्तरे, म्हणजे ३, १, ६, ४, २, ०, पाठवावीत. वाटेत तिसरी आणि पाचवी संख्या बिघडून पलीकडे ३, १, ५, ४, ६, ० असे पोहोचले, तरी घेणाऱ्याला मूळ रेषा नेमकी सापडते. मूळ रेषा सहांपैकी चार ठिकाणी जुळते. दुसरी कोणतीही रेषा मूळ रेषेला एकाहून अधिक बिंदूंत भेटू शकत नाही, म्हणून न बिघडलेल्या चारांपैकी फार तर एका आणि बिघडलेल्या दोन अशा जास्तीत जास्त तीनच ठिकाणी ती जुळेल. चार आणि तीन यांतील हा फरक संदेश वाचवतो. कोणती संख्या चुकली हे आधी ठाऊक असावे लागत नाही, यातच या रीतीचे सौंदर्य आहे.

अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतनपद्धतीचे हे सर्वांत लहान रूप होय. सुमारे त्याच काळात फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांनी आणि अमेरिकेतील चॅपेल हिल येथे राजचंद्र बोस व त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी सांत क्षेत्रांवरच उभारलेले संकेत शोधले, आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीसीएच संकेत म्हणून ओळखले जातात. व्यवहारात २५६ घटकांचे, म्हणजे दोनच्या आठव्या घाताचे क्षेत्र वापरतात, कारण संगणकातील आठ द्विमान अंकांचा एक बाइट त्यात बरोबर एक घटक म्हणून बसतो. व्हॉयेजर-२ ने जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून पाठवलेल्या चित्रांच्या रक्षणासाठी दर २५५ बाइटांच्या गठ्ठ्यात २२३ बाइट माहितीचे आणि ३२ बाइट रक्षणाचे असत, आणि गठ्ठ्यातील कोणतेही १६ बाइट बिघडले तरी ते दुरुस्त होत. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये तयार झालेल्या क्यूआर कोडातही हेच गणित आहे. त्याच्या सर्वांत लहान, २१ गुणिले २१ चौकटींच्या नमुन्यात २६ बाइट मावतात. संरक्षणाची सर्वोच्च पातळी निवडली तर त्यांपैकी केवळ ९ बाइट माहितीचे असतात आणि १७ रक्षणासाठी खर्ची पडतात, पण त्या बदल्यात आठ बाइट चुकीचे वाचले गेले तरी मजकूर शाबूत राहतो. दुकानाच्या फळीवर चिकटवलेला, कोपरा फाटलेला आणि तेलाचे डाग पडलेला कोड फोनला वाचता येतो तो या सौद्यामुळे.

वरच्या उदाहरणात सहांपैकी तीन संख्या बिघडल्या असत्या तर एकच उत्तर मिळण्याची हमी संपली असती, आणि ही सीमा अनेक दशके अखेरची मानली जात होती. उत्तर एकच हवे हा आग्रह सोडून संभाव्य उत्तरांची छोटी यादी चालेल असे म्हटले, तर सीमेपलीकडे जाता येते ही कल्पना १९५० च्या दशकातली; पण तिला वापरण्याजोगी रीत मधु सुदान यांनी १९९७ मध्ये दिली आणि वेंकटेशन गुरुस्वामी यांच्यासह १९९९ मध्ये ती अधिक धारदार केली. मिळालेल्या सर्व बिंदूंवर, खऱ्याखोट्या दोन्हींवर, शून्य होणारी दोन अज्ञातांची एक बहुपदी शोधायची आणि मग तिचे अवयव पाडायचे. खरा संदेश त्या अवयवांत दडलेला सापडतो. चुकीची माहिती गाळून टाकण्याऐवजी तिलाही समीकरणात सामावून घेणारी ही युक्ती अलीकडच्या बीजगणितातील अतिशय देखणी कल्पना म्हणावी लागेल. पुढे २०२२ मध्ये ब्रेकन्सीक, गोपी आणि माकम यांनी दाखवले की, क्षेत्र पुरेसे मोठे असेल आणि किमती काढण्याचे बिंदू यादृच्छिकपणे निवडले, तर रीड-सॉलोमन संकेतांच्या बाबतीत ही यादी तत्त्वतः शक्य असलेल्या अंतिम मर्यादेपर्यंत छोटीच राहते. त्यानंतर लगेचच इतर संशोधकांनी त्यासाठी लागणाऱ्या क्षेत्राचा आकार पुष्कळ खाली आणला. अर्थात, यादी छोटी असते हे सिद्ध होणे आणि ती झटपट काढता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर काम चालू आहे.

मुळांच्या त्याच मर्यादेने शुद्ध गणितातही काही अनपेक्षित विजय मिळवून दिले आहेत. प्रत्येक दिशेची एक तरी रेषा सामावणारा बिंदुसंच किती लहान असू शकेल, हा जपानी गणितज्ञ काकेया यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न टॉमस वुल्फ यांनी १९९९ मध्ये सांत क्षेत्रांच्या भूमीवर आणला. मातब्बरांना न सुटलेला हा प्रश्न झीव्ह द्वीर या संगणकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये अवघ्या काही पानांत सोडवला. संच लहान असेल तर त्याच्या सर्व बिंदूंवर शून्य होणारी कमी कोटीची बहुपदी मिळते, प्रत्येक दिशेच्या रेषेवर तिला परवडण्यापेक्षा अधिक मुळे होतात, आणि अखेर ती सर्वत्र शून्य असल्याची विसंगती निघते, असा त्या सिद्धतेचा गाभा आहे. नेहमीच्या त्रिमितीय अवकाशातील मूळ काकेया प्रश्नावर हाँग वांग आणि जोशुआ झाल यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सिद्धता जाहीर केली. पण तेथील साधने निराळी आणि कितीतरी अवजड आहेत.

दुसरा विजय तीन घटकांच्या क्षेत्रातला आहे. ‘सेट’ नावाच्या पत्त्यांच्या खेळात ८१ पत्ते असतात, प्रत्येकाची चार लक्षणे आणि प्रत्येक लक्षणाचे तीन प्रकार. तीन पत्ते त्या चार मितींच्या अवकाशात एका रेषेवर आले की एक ‘सेट’ होतो. एकही सेट होऊ न देता जास्तीत जास्त २० पत्ते मांडता येतात हे ठाऊक होते, परंतु लक्षणांची संख्या न इतकी वाढवली तर हा आकडा ३ च्या न व्या घाताच्या तुलनेत किती मागे पडतो, हे अनेक वर्षे उमगत नव्हते. क्रूट, लेव्ह आणि पाख यांच्या एका कल्पनेच्या आधाराने एलेनबर्ग आणि खेइस्वेट यांनी २०१६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की, तो फार तर २.७५६ च्या न व्या घाताच्या वेगाने वाढतो. जाणकारांनाही चकित करणारी ही सिद्धता पुन्हा बहुपदींच्या मोजणीचीच आहे.

गुप्तसंदेशनाच्या क्षेत्रातील हालचाल अधिक घाईची आहे, कारण पुरेसा मोठा पुंज संगणक तयार झाला तर आज प्रचलित असलेल्या काही कुलुपांचा पायाच कोसळेल. अमेरिकेच्या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या मानकांपैकी एकात ३३२९ या मूळ संख्येच्या क्षेत्रावरील बहुपदींचे वलय वापरले आहे. वलय म्हणजे ज्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालतात पण भागाकाराची हमी नसते अशी रचना. त्याच संस्थेने मार्च २०२५ मध्ये निवडलेल्या एचक्यूसी या पद्धतीचा आधार तर प्रत्यक्ष संकेतशास्त्रच आहे : कोणत्याही रचनेविना बनलेल्या संकेतातील चुका शोधणे अतिशय दुष्कर असते, ही अडचण तिथे कुलूप बनते, आणि हक्काच्या वाचकाला उरलेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून आत रीड-सॉलोमन संकेतही बसवलेला आहे. विरोधी दिशेचा धडाही ताजाच आहे. विवृत्तीय (एलिप्टिक) वक्रांमधील संबंधांवर आधारलेली एक आश्वासक पद्धत कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी २०२२ मध्ये केवळ गणिताच्या बळावर, साध्या संगणकावर मोडून दाखवली.

राहिली ती ६ आणि १० यांची गोष्ट, आणि मराठी वाचकाला ती जवळची वाटावी अशी आहे. न गुणिले न चौकटींत न चिन्हे अशी मांडली की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते, तर तो लॅटिन चौरस होतो; असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता चिन्हांची कोणतीही जोडी दोनदा आली नाही तर ते परस्परलंब असतात. क्षेत्र हाताशी असेल तर हे काम चुटकीसरशी होते : र व्या ओळीत आणि स व्या स्तंभात म × र + स ही संख्या लिहावी, आणि शून्य सोडून म ची प्रत्येक किंमत एकेक चौरस देते, कारण कोणत्याही जोडीवरून र आणि स परत शोधताना दोन किमतींच्या फरकाने भागावे लागते आणि क्षेत्रात ते नेहमी शक्य असते. लहान क्षेत्रे जोडून १२ सारखे आकारही साधतात. परंतु चारने भागल्यावर २ उरणाऱ्या ६, १०, १४ अशा आकारांत दोन घटकांचे क्षेत्र आडवे येते; त्यात म ची शून्येतर किंमत एकच असल्याने जोडीच बनत नाही. ऑयलरने १७८२ मध्ये अशा कोणत्याच आकाराची जोडी नसावी असे भाकीत केले, आणि सहाच्या बाबतीत गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता तपासून ते खरे ठरवले.

उरलेले भाकीत १९५९ मध्ये कोसळले. राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ आकाराची जोडी रचली, ई. टी. पार्कर यांनी १० आकाराची दिली, आणि तिघांनी मिळून ६ च्या पुढील अशा प्रत्येक आकारासाठी जोडी असते हे सिद्ध केले. एप्रिल १९५९ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. सागर येथे १९१७ मध्ये जन्मलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तले. पावणेदोनशे वर्षे टिकलेले ऑयलरचे मत खोडणाऱ्या या गणितज्ञाची ओळख महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना असायला हवी तितकी नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सहाच्या चौरसालाही अलीकडे वेगळा जन्म मिळाला. आयआयटी मद्रास आणि पोलंडमधील क्राकूचे यागेलोनियन विद्यापीठ येथील संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की, प्रत्येक चौकटीत एकच निश्चित जोडी न ठेवता अनेक जोड्यांचे पुंजभौतिकीय मिश्रण ठेवण्याची मुभा दिली, तर सहा आकाराच्या परस्परलंब जोडीचा, ऑयलरचा ‘३६ अधिकाऱ्यांचा’ म्हणून ओळखला जाणारा प्रश्न सुटतो. त्या मिश्रणातील प्रमाणांत सुवर्णगुणोत्तर डोकावते, आणि त्यातून पुंज माहितीतील चुका ओळखणारा एक नवा संकेतही मिळतो. दहाच्या बाबतीत लॅम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रचंड संगणनाच्या आधारे सिद्ध केले की, परस्परलंब चौरसांचा नऊ जणांचा पूर्ण संच अस्तित्वात नाही. दहा आकाराचे, एकमेकांशी परस्परलंब असलेले तीन लॅटिन चौरस असतात की नाही, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.