लेकराचा इसब आणि बापाचा खाडा

सातपूरच्या कामगार वस्तीत आमचे जाणे पगार-बोनसच्या प्रश्नांसाठी असते. पण उंबरठा ओलांडला की पुष्कळदा निराळेच गाऱ्हाणे कानी येते. लेकरू रात्रभर खाजवते, आई जागते आणि बाप पहिल्या पाळीला पेंगत उभा राहतो. हे दुखणे म्हणजे इसब. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून, विचारून जे उमगले ते सांगतो.

कातडी ही शरीराची भिंत. काही मुलांची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. ओलावा बाहेर जातो आणि त्रासदायक पदार्थ आत शिरतात. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष पुष्कळ रुग्णांत याच्या मुळाशी असतो, असे २००६ साली दिसून आले. इसब स्पर्शाने लागत नाही. म्हणून अशा मुलाला अंगणवाडीत वेगळे बसविणे हा अन्याय होय.

पूर्वी डांबराची मलमे आणि पट्ट्या हाच मुख्य आधार होता. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम गुणकारी ठरले. २००० साली अमेरिकेत टॅक्रोलिमसला मान्यता मिळाली. आज बहुतेक मुलांना खाट लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात तपासणी आणि घरी नेमाची काळजी, एवढ्यावर भागते. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घालावी आणि अंग ओलसर असतानाच त्वचा मऊ राखणारे मलम भरपूर चोळावे. लाल चट्ट्यांवर डॉक्टर सांगतील तितकेच दिवस स्टेरॉइडचे मलम लावावे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल इतके मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दूध, अंडी मनानेच बंद करू नयेत.

खरा धोका दुकानातल्या मिश्र मलमाचा आहे. इसब, नायटा, खरूज तिन्ही खाजतात, म्हणून तिन्हींना एकच नळी! स्टेरॉइडने लाली झटकन उतरते. पण पुढे कातडी पातळ होते आणि नायटा फोफावतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे 'एच' अनुसूचीत घालून चिठ्ठीवाचून विक्रीस मनाई केली.

मग बाप दुकानाकडे का वळतो? अज्ञानाने नव्हे, खाड्याच्या भीतीने. कंत्राटी कामगाराची रांगेतली एक सकाळ म्हणजे एका दिवसाची मजुरी.

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने विमेदाराच्या कुटुंबालाही औषधोपचाराची वाट मोकळी झाली. सातपुरात या योजनेचे रुग्णालयही आहे. जुलै २०१९ पासून शंभर रुपये वेतनामागे कामगाराचे ७५ पैसे आणि मालकाचे सव्वातीन रुपये या योजनेत जमतात. तेव्हा हा उपचार धर्मादाय नव्हे, हक्क आहे.

म्हणून बोनसच्या मागणीपत्रात आणखी तीन कलमे असावीत : संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग, त्वचा मऊ राखणाऱ्या मलमाचा पुरेसा पुरवठा आणि आईला मलम लावणे शिकविण्यासाठी दहा मिनिटे. लेकरू झोपले तर घर झोपते आणि यंत्रावरचा हातही शाबूत राहतो.